रविवारची वाट न बघता रोजच्या कामातच बरं कसं वाटेल?

नेरुळवाली:
मंडळी, मी रोज नेरुळ ते सीएसएमटी. पहाटे डबे, मग लोकल, ऑफिस, आल्यावर कुकर आणि मुलाचा अभ्यास. सगळं "रविवारी निवांत" म्हणून ढकलते आणि रविवार येतो तो किराणा नाहीतर कुणाचं बारसं यातच संपतो, मग परत पुढच्याची वाट. मोकळा वेळ असा वेगळा येणार नाहीये हे आता कळलंय. तुम्हाला याच रोजच्या कामांत खरंच समाधान मिळतं का, कशामुळे? मेडिटेशन ॲप नका सुचवू प्लीज, तेही एक कामच होतं.

खाडीकाठ:
ताई, तुमच्या वाटेवर तर वाशीची खाडी आहे! मी पण हार्बरवाला, पुलावर फोन खिशात ठेवतो, नियम एवढाच. लोकल रोज तीच पण खाडी रोज वेगळी, कारण भरती दररोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आमचे अलिबागचे आजोबा तिथीला पाऊणने गुणायचे की झाली भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती, तिथून सहा तासांनी सकाळी नऊला ओहोटी. तेव्हा पुलावरून चिखल उघडा दिसतो आणि नोव्हेंबर ते मे मध्ये नशीब असेल तर त्यात फ्लेमिंगो, मान खाली घालून शेवाळ गाळत उभे असतात. द्वादशीला त्याच गाडीतून नुसतं पाणीच पाणी. लोकं हे बघायला सुट्टी काढून ऐरोलीला बोटीत बसतात, आपल्याला पासात मिळतं. मी तर आता घरून निघताना कालनिर्णय बघतो.

घोडबंदरच्या_काकू:
अगं, आमची आई पहाटे जात्यावर बसायची, तिला कुठला आलाय मोकळा वेळ? दळण हातात आणि ओवी तोंडात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्यात, त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, सासुरवासही आहे. पण जात्याला बहुतेक वेळा दोघी बसायच्या हे विसरू नको. मी अजूनही मेथी निवडायला शेजारणीला बोलावते, एकटीने निवडली की नुसती मेथी निवडून होते.

कळवा_लोकल:
सगळं छान आहे, पण आधी कुकर किंवा अभ्यास यातलं एक घरात दुसऱ्या कुणाकडे द्या. दमलेला माणूस पुलावर झोपलेला असतो, रोज बघतो मी.

नेरुळवाली:
पटलं. अभ्यासाचं आज बोलतेच घरी. आणि काकू, समोरच्या वहिनींना विचारते, त्यापण संध्याकाळी एकट्याच असतात. दादा, सकाळी मला गर्दीत दारसुद्धा दिसत नाही हो, संध्याकाळी सहाच्या सुमारास पूल येतो, त्याचं गणित काय?

खाडीकाठ:
सहाला ओहोटी हवी तर भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पौर्णिमा नाहीतर अमावस्या. उधाणाची ओहोटी असते ती, चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. फक्त डिसेंबरात तोवर अंधारून येतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा.