वसंतदादांच्या घराण्याचं ऋण सांगलीने किती पिढ्या फेडायचं?

कृष्णाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, "दादा घराण्याकडे आडनावापलीकडे काही उरलं नाही." डोकंच फिरलं. दादांनी २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडला, खांद्यात गोळी घेतली, पुढे साखर कारखाना उभा केला, मुख्यमंत्री झाले. आणि २०२४ ला सांगली लोकसभेची काँग्रेसची जागा मित्रपक्षाला गेली तरी दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून लाखाच्या फरकाने आले. आडनावावरच मतं पडतात तर २०१४ ला त्यांचे भाऊ प्रतीकदादा पडले कसे?

पेठभाग: ते वाक्य माझंच. तुरुंग आजोबांनी फोडला, नातवांनी नाही. दादांचा कारखाना कर्जापायी दुसऱ्या कंपनीला चालवायला द्यावा लागला, त्यावर बोला की.

जतकर: कारखान्याचं सोडा. १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली कुणी? दादांनीच. भावाच्या डोनेशनसाठी आमच्या वडिलांनी दीड एकर विकलं. नोटा मोजून घेतल्या, पावती मागितली तर क्लार्क म्हणाला, "प्रवेश पाहिजे की पावती?"

मिरजवाली: आणि त्याआधी काय होतं? पैसेवाल्यांची पोरं कर्नाटकात डोनेशन भरून शिकायची, बाकीची घरी. माझं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज थोडक्यात हुकलं. विनाअनुदानित नसतं तर बारावीनंतर लग्नच लावलं असतं. आज माझ्या पगारावर दोन घरं चालतात.

जतकर: तुमचं भलं झालं, आनंद आहे. पण ही कॉलेजं निघाली कुणाची? मंत्र्यांची, चेअरमन लोकांची. १९८७ ला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला, यात सगळं आलं.

मिरजवाली: कायदा मोडला त्यांना धरा ना! दार उघडणाऱ्याला शिव्या कशाला? मुलींच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत चौघी होतो, चौघींच्या घरात पहिली पदवी आमचीच. दीड एकराचं दुःख मला कळतं, पण माझं आयुष्य खोटं ठरवू नका.

जतकर: खोटं कोण म्हणतंय? शेत आमचं गेलं, एवढंच सांगतोय.

कृष्णाकाठ: अहो, विषय घराण्याचा आहे.

पेठभाग: बरं, घराण्याचं. २०१९ ला स्वाभिमानी पक्षाकडून पडलेला माणूस पुन्हा उभा राहिला आणि पक्षाला न जुमानता जिंकला. हे विशाल पाटलांचं स्वतःचं, मानलं. नाइलाजाने मानलं. पण खासदारकी मिळाली म्हणजे दादांचा वारसा मिळाला असं नाही. दादांनी सभासद गोळा करून कारखाना उभा केला होता. तो सभासदांच्या हातात परत आणा, मग मी माझं वाक्य मागे घेतो.