मदत हवी आहे: मेंदूच्या एफएमआरआय स्कॅनमधून प्रत्येक सब्जेक्टचा (स्कॅन झालेल्या माणसाचा) आकडा कसा काढायचा? (अर्जंट)

घामाघूम: ग्रुप अ‍ॅनालिसिस झालं, डाव्या अमिग्डालात (मेंदूतला भावनांशी संबंधित छोटा भाग) क्लस्टर, म्हणजे फरक दिसणारा पुंजका, आलाय. सरांना उद्या एक्सेल शीट हवी, सब्जेक्टमागे एक आकडा. सगळे मेन्यू धुंडाळले. पटकन सांगा कुणीतरी.

कोरडवाहू: सॉफ्टवेअर कुठलं?

मॅटलॅबभक्त: एसपीएमच असणार, मॅटलॅबवर चालणारं. त्यात मार्सबार टूल टाका, आरओआय (मोजायचा भाग) बनवा, विषय संपला. माझी अख्खी पीएचडी त्यावर झाली.

घामाघूम: एफएसएल आहे हो, एसपीएमसारखंच दुसरं पॅकेज, त्यातलं फीट टूल. झेडस्टॅट फाइलमधून घेऊ ना?

कोरडवाहू: नको. ग्रुपचा झेडस्टॅट म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच नकाशा, त्यात माणसागणिक काही नसतं. ग्रुप निकालाच्या जीफीट फोल्डरात 'कोप१.फीट' उघडा. आत 'फिल्टर्ड_फंक_डेटा' आहे. नावावरून कळत नाही, पण ग्रुप लेव्हलला त्यात सगळ्यांचे कोप (माणसागणिक तुलनेचे नकाशे) एकामागे एक रचलेले असतात. त्यावर 'एफएसएलमीनटीएस' ही सरासरी काढणारी कमांड चालवा, मास्क (कुठला भाग मोजायचा ते सांगणारी फाइल) द्या. माणशी एक ओळ मिळेल.

अजगर_पाळणारा: कशाला एवढं? पायथनमध्ये नायलर्न लायब्ररी घ्या, चार ओळींचं काम.

मॅटलॅबभक्त: त्याला उद्या शीट द्यायचीय, आणि तुम्ही आज पायथन शिकवताय!

शंकासुर: मास्क त्याच क्लस्टरचा आहे का? तसं असेल तर त्या आकड्यांवर पुन्हा टी-टेस्ट (सरासरींतला फरक तपासणारी चाचणी) लावू नका. जिथे फरक दिसला तीच जागा निवडायची आणि तिथेच फरक मोजायचा, मग तो फुगूनच येणार. २००९ साली 'वूडू कोरिलेशन'वरून गदारोळ झाला तो यावरूनच.

घामाघूम: मास्क मेंदूच्या भागांचा तयार नकाशा असलेल्या हार्वर्ड-ऑक्सफर्ड अ‍ॅटलसचा. पण साइज जुळत नाही असा एरर येतोय.

कोरडवाहू: १ मिमी ठोकळ्यांचा घेतला असणार. तो १८२×२१८×१८२ ठोकळे, तुमचा डेटा बहुधा २ मिमीचा, म्हणजे ९१×१०९×९१. २ मिमीचा अ‍ॅटलस घ्या, ५० टक्के शक्यतेवर कापून बायनरी (फक्त ० किंवा १) करा.

सहज_सुचलं: स्मूदिंग (डेटा धूसर करणं) किती? ८ मिमी असेल तर अमिग्डालाची शेजाऱ्यांशी खिचडी झाली म्हणून समजा.

अजगर_पाळणारा: हे विचारलं कुणी?

घामाघूम: आले आकडे!! पण कुठली ओळ कुणाची? नावंच नाहीत.

कोरडवाहू: फीटमध्ये ज्या क्रमाने फोल्डर दिलेत, तोच क्रम. 'डिझाइन.एफएसएफ'मध्ये यादी आहे, एक्सेलला चिकटवण्याआधी ताडून बघा.

घामाघूम: सापडली. हेच पर्सेंट सिग्नल चेंज (सिग्नल किती टक्के बदलला) ना? सरांनी तेच लिहिलंय मेलमध्ये.

कोरडवाहू: नाही! हे आधी सांगायचं ना. त्यासाठी एफएसएलमध्येच फीटक्वेरी टूल आहे.

मॅटलॅबभक्त: मार्सबारमध्ये तेही निघतं.