अफकॅटमधून वैमानिक : १४ वर्षांनंतर काय?

गोदाकाठ : मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, वय २०. हवाई दलात फ्लाइंगसाठी अफकॅटचा, म्हणजे हवाई दलाच्या अधिकारी प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायचा म्हणतो. डाव्या डोळ्याला पाऊण नंबर आहे. घरात दोन प्रश्न अडून बसलेत. चष्म्यामुळे दार बंदच का? आणि शॉर्ट सर्व्हिस म्हणजे चाळिशीच्या आत बाहेर, मग संसाराचं कसं? कौतुक नको, माहिती हवी.

उतरंड : नंबर उणे की अधिक, ते आधी बघा. फ्लाइंगला उणे नंबर चालत नाही. एक डोळा ६/६, दुसरा ६/९ लागतो, आणि तो ६/९ सुधारून ६/६ व्हायला हवा, तोही फक्त अधिक नंबरवाल्याचा. लेसर करून जाता येतं, पण शस्त्रक्रिया विसाव्या वर्षाआधीची नको आणि मेडिकलपूर्वी १२ महिने झालेले हवेत. डोळ्याची लांबी २५.५ मिमीच्या आत आहे का, तेही मोजून घ्या. जास्त निघाली तर लेसरचा खर्च फुकट. कोर्स सुरू होताना वय २४ च्या आत लागतं, म्हणजे हातात दिवस मोजकेच आहेत.

क्लासची फी भरायच्या आधी घरीच टेप घ्या. उंची किमान १६२.५ सेंमी. भिंतीला पाठ आणि कुल्ले टेकवून बसवा, भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत ६४ सेंमीपेक्षा जास्त नको. संकटात विमानातून खुर्चीसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलला आपटू नयेत म्हणून ही अट. अभ्यासाने मांडी आखूड होत नाही.

सातवी_ओळ : एकट्या अफकॅटवर का थांबता? तोच मुलगा सीडीएस, म्हणजे यूपीएससीची तिन्ही दलांसाठीची परीक्षाही देऊ शकतो. अफकॅटची फ्लाइंग एंट्री १४ वर्षांची, मुदतवाढ नाही. सीडीएसमधून हवाई दलात गेला तर परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी. जागा कमी, गणित अवघड, पण फॉर्म दोन्ही भरावेत. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असून ‘सी’ सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षेशिवाय तिसरी वाट आहे.

मात्र सीपीएसएस, म्हणजे वैमानिक निवडीची संगणकावरची चाचणी, आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाला तर कुठल्याही वाटेने आला तरी फ्लाइंग संपलं. त्यात हात, पाय आणि डोळे एकाच वेळी वेगवेगळ्या कामाला लावतात. ‘सहज अनुभव घ्यायला’ म्हणून अर्धवट तयारीने डेहराडून-म्हैसूरच्या निवड मंडळाकडे पाठवू नका.

रनवे२८ : हिशेब मांडू. २२-२३ व्या वर्षी दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत, सव्वा-दीड वर्षाचं प्रशिक्षण, पुढे १४ वर्षं. बाहेर पडताना वय ३७-३८. अधिकाऱ्याला पेन्शन २० वर्षांनी, म्हणजे इथे नाही. ग्रॅच्युइटी आणि स्वतःचा फंड मिळतो.

पुढे एअरलाइन. सैन्यातला पायलट म्हणून लायसन्स आपोआप मिळत नाही, डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान खात्याचे, पेपर द्यावेच लागतात. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनमध्ये कॅप्टन होण्याच्या लायसन्सला, १५०० तास उड्डाण. मालवाहू विमानांवर ते होतात, लढाऊवर तास सावकाश जमतात. हेलिकॉप्टरवाल्याचे तास एअरलाइनला फारसे उपयोगी नाहीत, त्याला जुहूहून मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणाऱ्या उड्डाणांसारखी कामं. आणि कुठला प्रवाह मिळणार हे अकादमीतली गुणवत्ता आणि दलाची गरज ठरवते. पेपर नोकरीच्या १२-१३ व्या वर्षी सुरू करावेत, शेवटच्या सहा महिन्यांत नव्हे.

कर्जाचा हप्ता बेसिक (सुरुवात ५६,१००) आणि एमएसपी, म्हणजे सैनिकी सेवा वेतन (१५,५००), यांवरच बसवा. फ्लाइंग अलाउन्स उडत असेपर्यंतचा.

पागोळी : संसाराचं सांगते. पंचविशीच्या आत लग्न झालेलं असेल तर निवड नाही, आणि प्रशिक्षणात लग्न केलं तर घरी पाठवतात, वर खर्चही वसूल होतो. नंतर दर दोन-तीन वर्षांनी बदली. पुण्याचं लोहगाव मिळालं तर नशीब, नाहीतर तेजपूर, नलिया, हलवारा. बायकोची नोकरी घरून करता येण्यासारखी किंवा बदलीची असली तर निभतं. मुलांना केंद्रीय विद्यालय किंवा एअर फोर्स स्कूल, दोन्हीकडे सीबीएसई, त्यामुळे अभ्यासक्रम तुटत नाही. मराठी मात्र घरीच शिकवावी लागते.

बाहेरचा आयुर्विमा घेताना सैनिकी उड्डाणातला मृत्यू वगळलाय का, ते पॉलिसीत शब्दशः वाचा. हवाई दलाचा गटविमा असतोच.

आणि वैमानिकाची सर्दी. घरच्या डब्यातली गोळी देऊ नका. नाकामागची नळी सुजलेली असली की विमान खाली येताना कानात हवा शिरत नाही आणि पडदा आत ओढला जातो. कळ इतकी की लक्ष उडतं, कधी पडदा फाटतो. वर सर्दीच्या गोळीने झोप येते. हवाई तळावरच्या डॉक्टरांना दाखवायचं, ते दोन-चार दिवस उड्डाण बंद ठेवतील. आजीचा काढा चालेल, पण तोही डॉक्टरांना सांगून.

गोदाकाठ : नंबर उणेच निघाला, -०.७५. आजच लेसर करून घेतलं तर?

उतरंड : आधी डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजा. लेसरनंतर जाडी ४५० मायक्रॉनच्या खाली नको. दोन्ही बसत असेल तर तारखेसकट शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा, मेडिकलला तोच मागतात.