लंडनच्या जुन्या खाद्यविक्रेत्यांची चित्रे : कोणती पाहावीत?

प्रश्न

पुतणी लंडनला शिकत असल्यामुळे येत्या उन्हाळ्यात तिच्याकडे आठवडाभर राहण्याचा योग आहे. मी चित्रकला शिकवते. ‘बाजार’ हा विषय दिला की मुले दुकाने हौसेने काढतात, पण डोक्यावर टोपली घेऊन दारोदार हिंडणारा विक्रेता त्यांच्या कागदावर क्वचितच उमटतो. असे विक्रेते ज्यांत नीट दिसतात, अशी जुन्या लंडनची चित्रे जाणकारांनी कृपया सुचवावीत.

प्रतिसाद १

सुरुवात ट्रफाल्गर चौकातील नॅशनल गॅलरीपासूनच करावी. प्रवेश विनामूल्य आहे. विल्यम होगार्थचे ‘द श्रिम्प गर्ल’ (कोळंबी विकणारी मुलगी) हे साधारण १७४०-४५ च्या सुमाराचे तैलचित्र या संग्रहात आहे. मुलीच्या डोक्यावरच्या पसरट टोपलीत कोळंबी आणि शिंपल्या आहेत, आणि त्यांच्यासोबत माल मोजून देण्याचे अर्ध्या पाइंटाचे धातूचे मापही आहे. टोपली रंगवताना कुंचल्याचे फटकारे इतके मोकळे आहेत की चित्र अपुरे राहिले असावे असे वाटते, पण चेहरा मात्र गिऱ्हाईक दिसताच खुललेला, अगदी जिवंत आहे. १७६४ साली होगार्थ वारला तेव्हा हे चित्र त्याच्या घरीच होते आणि पुढे त्याच्या पत्नीने ते जपले. ते सध्या कोणत्या दालनात आहे, हे आधी गॅलरीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु हा विषय खरा फुलला तो छापील चित्रांत. विक्रेत्यांच्या आरोळ्यांवरून अशा चित्रसंचांना ‘क्राइज ऑफ लंडन’ म्हणत. मार्सेलस लरून याच्या रेखाटनांवरून १६८७ मध्ये निघालेल्या संचात ‘कॉली मॉली पफ’ नावाचा पेस्ट्रीवाला आहे. शहर त्याला त्याच्या आरोळीवरूनच ओळखत असे. पॉल सँडबीने १७६० मध्ये काढलेली बारा चित्रे मला सर्वांत प्रामाणिक वाटतात, कारण त्यांतली माणसे दमलेली, चिडलेली, कपडे मळलेली अशी आहेत. फ्रान्सिस व्हीटलीची १७९० च्या दशकातील मालिका अधिक लोकप्रिय असली, तरी तिच्यातील गरमागरम जिंजरब्रेड (आले घातलेला गोड केक) विकणारा माणूसही सुबक आणि गोड दिसतो, म्हणून ती शेवटी पाहावी. ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्र (छापील चित्रांच्या) विभागात आधी वेळ ठरवून जावे आणि लरून व व्हीटली यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून मागावीत. विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगा फरक तिथेच हाती लागेल.