मदत हवी आहे: सांगली-मिरजेत स्पोर्ट्स मसाज करणारं खात्रीचं कुणी सांगा (तातडीचं)

येरळाकाठ
सांगली, मिरज किंवा तासगाव-पलूसकडं स्पोर्ट्स मसाज, डीप टिश्यू (खोल दाबून करतात ती मालिश) वगैरे चांगलं करणारं कुणी माहीत आहे का? धाकट्या भावाच्या मांडीसाठी हवंय. कबड्डी खेळतो. दसऱ्यानंतर लगेच स्पर्धा आहे, त्याआधी बरं व्हायला पाहिजे. सध्या जिथं जातोय तिथं काही फरक नाही. नंबर असेल तर मला वेगळा निरोप करा. कृपया व्यायाम सांगत बसू नका, नाव सांगा.

एमएच_दहा
विश्रामबागला एक-दोन बोर्ड बघितलेत. जायच्या आधी विचारून घ्या, स्पा आहे की फिजिओ. बोर्ड दोघांचे सारखेच असतात, हातात फार फरक असतो.

डावा_कोपरा
कुठली मांडी? पुढून का मागून? पळताना शीर धरली का मार बसला? कधीची गोष्ट? मी पंधरा-सोळा वर्षं कबड्डी खेळलोय. पकडीत समोरच्याचा गुडघा मांडीत बसणं वेगळं आणि चढाईत मागची शीर ताणणं वेगळं. दोन्हीला एकच मालिश चालत नाही.

येरळाकाठ
उजवी. पुढून. मार लागलाय. नाव सांगा ना कुणीतरी.

मातीतला_गडी
ताई, मुका मार आहे, एवढं काय त्यात. तिळाचं तेल कोमट करून तालमीतल्या जाणत्या गड्याकडनं रगडून घ्या, वरनं मिठाचा शेक. आमच्यात मेहनत झाली की एकमेकाला तुडवायचोच. त्यानंच अंग मोकळं होतं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक मिळवलं तेव्हा कुठला स्पोर्ट्स मसाज होता? माती, तेल आणि वस्तादाचा हात.

घाटधावक
मसाज गन (थरथरणारं मालिशचं यंत्र) घ्या, नाहीतर फोम रोलर (अंगाखाली फिरवायचा फोमचा लोड). सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करताना यवतेश्वरचा घाट उतरून आलं की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, मांड्या अशा भरतात. रोलर फिरवला की लॅक्टिक ॲसिड निघून जातं आणि तिसऱ्या दिवशी परत घाटात. भावाला रोज वीस मिनिटं करायला सांगा.

निर्गुडी
आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावा, निर्गुडीच्या पाल्यानं शेका. माझ्या सासूबाईंचा गुडघा यानंच बरा झाला. त्या आता पाटावर बसून पुरणपोळ्या करतात.

फिजिओ_मिरज
ताई, नाव नंतर बघू. आधी एवढं सांगा. मार नक्की कधी बसला? मांडीत हाताला गाठ लागते का? मसाज कोण करतंय, किती जोरात? आणि आज घरात कुणाला तरी एक बघायला सांगा: भावाला पालथं झोपवायचं आणि त्यानं स्वतःहून गुडघा वाकवायचा. टाच कुल्ल्याकडं किती जाते ते बघायचं. कुणी दाबून वाकवायचं नाही.

येरळाकाठ
मी पुण्यात असते, आईला फोन लावून विचारलं. मार गणपती बसायच्या आधी लागला, आता घट बसायला आले. टाच अर्ध्यावर थांबते, डाव्या पायाची कुल्ल्याला टेकते. गाठ आहे. लिंबाएवढी. आधी मऊ होती, आता कडक लागते म्हणतोय. शेजारच्या गावात एक जण मालिश करतात, त्यांच्याकडं दिवसाआड जातो. ते कोपरानं दाबून गाठ फोडायचा प्रयत्न करतात. त्या रात्री जास्त ठणकतं, पण ते म्हणतात, ठणकणं म्हणजे गाठ सुटतेय. म्हणून तर मी जास्त चांगलं करणारं शोधतेय.

फिजिओ_मिरज
मालिश आजपासून बंद. माझ्याकडंही मसाजला आणू नका, दुसऱ्या कुणाकडंही नाही.

काय होतं ते सांगते. समोरच्याचा गुडघा मांडीत बसला की स्नायू त्याचा गुडघा आणि आपलं मांडीचं हाड यांच्यामध्ये चेंगरतो. आत रक्त साकळतं. नुसतं सोडलं तर ते बहुतेक वेळा हळूहळू जिरतं. पण त्याच जागी जोरात रगडलं, कोपरानं दाबलं किंवा गुडघा बळंच वाकवला, तर भरत आलेली जागा परत दुखावते. काही जणांत मग त्या जागी स्नायूच्या आत हाड तयार व्हायला लागतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला. मऊ गाठ कडक होणं, गुडघा कमी वाकणं, मालिशनंतर रात्री ठणकणं, तुम्ही सांगितलेलं सगळं त्याकडं बोट दाखवतंय. मी हात लावून बघितलेलं नाही, त्यामुळं तेच आहे असं इथं बसून म्हणणार नाही.

एक्स-रे काढा. पहिल्या दोन आठवड्यांत बहुधा काही दिसत नाही, आता दिसायला पाहिजे. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात ऑर्थोची ओपीडी आहे, नाहीतर तुमच्या माहितीतले अस्थिरोगतज्ज्ञ चालतील. एक्स-रेचा आग्रह आणखी एका कारणासाठी. या वयात मांडीतली कडक गाठ, मार लागलेला आठवत असला तरी, डॉक्टरांनी बघितलीच पाहिजे. हाडाचे दुसरे आजारही असे दिसू शकतात. घाबरू नका, पण टाळू नका.

मातीतला_गडी
मॅडम, पिढ्यान्‌पिढ्या तालमीत रगडतात. सगळ्यांच्या मांडीत हाडं झाली का?

फिजिओ_मिरज
दादा, मेहनतीनंतर धडधाकट अंगाला तेल लावून रगडणं मी चुकीचं म्हणतच नाहीये. त्यानं बरं वाटतं, ताठरपणा कमी होतो, झोप लागते. माझं म्हणणं फक्त चेंगरलेल्या स्नायूबद्दल आहे. तुमच्या वस्तादांनी सुजलेल्या मांडीवर कोपर टाकू दिलं असतं का?

मातीतला_गडी
नाही. हे मात्र खरं. सूज असली की वस्ताद हात लावू द्यायचे नाहीत. सूज उतरली की मगच.

फिजिओ_मिरज
मग आपण फार लांब नाही. एवढंच म्हणेन की वरची सूज उतरली म्हणजे आतलं भरलं असं नाही. टाच दुसऱ्या पायाइतकी, न दुखता वाकेपर्यंत त्या जागेवर जोर नको.

घाटधावक, तुमचं दुखणं वेगळं. घाट उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच काम करतो, म्हणून एक ते तीन दिवस भरून येतं. रोलर, मसाज तिथं चालतं, दुखणं थोडं कमी होतं. लॅक्टिक ॲसिड मात्र पळणं थांबल्यावर तासाभरात आपोआप खाली येतं, दुसऱ्या दिवशी काढायला ते शिल्लकच नसतं. २०२० मध्ये स्पोर्ट्स मसाजवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले गेले. पळण्याची किंवा ताकदीची कामगिरी त्यानं वाढल्याचं दिसलं नाही. लवचिकता आणि भरून आलेलं दुखणं यांत थोडा फरक दिसला. पण मसाज गन या मुलाच्या मांडीला अजिबात नको.

घाटधावक
लॅक्टिकचं आमच्या ग्रुपमध्ये सगळेच सांगतात. बरं, माझ्या पोटरीत आतल्या बाजूला चढावर कळ येते, त्याला...

फिजिओ_मिरज
वेगळा धागा काढा. तिथं सांगते.

निर्गुडी
लेप तरी लावू का नको? लेपात काय जोर असतोय.

फिजिओ_मिरज
गार लेप लावला तर माझी हरकत नाही, कातडीला खाज आली की धुवा. चोळून लावायचा नाही. आणि लेप लावला म्हणून एक्स-रे पुढं ढकलायचा नाही.

येरळाकाठ
म्हणजे दसऱ्याची स्पर्धा गेली?

डावा_कोपरा
गेली. ताई, वाईट वाटतं, पण अशा मांडीवर तो चढाईला उतरला आणि त्याच जागी परत गुडघा बसला, तर अख्खा हंगाम जाईल. आमच्या संघातला एक पोरगा तसाच खेळत राहिला. पुढच्या वर्षीही त्याला नीट उकिडवं बसता येत नव्हतं. स्पर्धा वर्षाला दहा असतात. गावोगाव मॅटवर खेळवतात आता, त्यात पाय अडकून पडणंही वाढलंय...

एमएच_दहा
मॅट बरी हो. मातीत खडे लागायचे.

डावा_कोपरा
मातीत पाय सरकतो, गुडघा वाचतो. पण तो विषय इथं नको.

येरळाकाठ
एक्स-रे झाला. काल रात्रीच्या गाडीनं मी गावी आले आणि स्वतः घेऊन गेले. मांडीच्या हाडाच्या बाहेर, स्नायूत धुरकट पांढरं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, फिजिओ मॅडम म्हणतात तेच आहे, मूळ हाड चांगलं आहे. सहा आठवड्यांनी परत एक्स-रे. मालिश, शेक, जोरात ताणणं सगळं बंद. न दुखेल एवढंच वाकवायचं. ऑपरेशनचं विचारलं तर आत्ता नाही म्हणाले. कच्चं असताना काढलं तर परत तयार होतं, आणि बऱ्याच जणांना कधीच काढावं लागत नाही. भाऊ जेवायला बसला नाही, माझ्याशी बोलत नाहीये. मैदानावर परत कधी ते तरी सांगा म्हणजे त्याला काहीतरी सांगता येईल.

फिजिओ_मिरज
बरं केलंत गेलात ते. तारीख देत नाही, खुणा सांगते, त्या त्यालाच वाचून दाखवा. टाच दोन्ही पायांची सारखी वाकली पाहिजे. उजव्या एका पायावर खुर्चीतून उठता-बसता आलं पाहिजे. जोरात पळून एकदम थांबताना, दिशा बदलताना दुखायला नको. हे सगळं जमलं की आधी हलका सराव, मग पकड, मग सामना. सुरुवातीचे सामने मांडीला पॅड बांधूनच. सहा आठवडे पाठ, पोट, खांदे आणि डाव्या पायाची मेहनत चालू राहू दे, ती कुणी बंद केलेली नाही.

डावा_कोपरा
मॅडम, आमच्या पोरांसाठी विचारतो. मैदानातच असा मार बसला तर पहिल्यांदा काय करायचं?

फिजिओ_मिरज
खेळ थांबवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दाबपट्टी. गुडघा दुखत नाही तेवढा जास्तीत जास्त वाकवून त्याच अवस्थेत पट्टीनं बांधतात, साधारण २४ तास. स्नायू ताणलेला राहतो, आत रक्त कमी साठतं. ही पट्टी जाणकाराकडून बांधून घ्या. पहिले दोन-तीन दिवस शेक, तेल, मालिश काही नाही.

मातीतला_गडी
झोपताना पण वाकवूनच?

फिजिओ_मिरज
हो दादा, झोपताना पण. फक्त मांडी टणक होऊन दुखणं वाढतच गेलं किंवा पाय बधिर व्हायला लागला, तर पट्टी सोडून रात्रीच दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही.