जांबोटीकडं घर बांधायचंय, स्लॅब की कौलं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं मातीच्या भिंतीचं जुनं घर हाय, वर मंगळुरी कौलं, आता नवीन बांधायचंय. कंत्राटदार म्हणतोय सपाट स्लॅब टाका, पण इथला पाऊस तुम्हाला ठाऊकच हाय, पाणी साचलं की गळती आलीच. जुन्या घराची वळचण भिंतीच्या बरीच बाहेर हाय, म्हणून पागोळ्या लांब पडतात, भिंत भिजत नाही आणि भर पावसातबी आई पडवीत बसून भाजी निवडते. ती पडवी मला पायजेच. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात स्लॅबमध्ये कौलं घालून काँक्रीट वाचवलं, तसली फिलर स्लॅब उतरती करून चालेल काय? आपल्या भागात कुणी केली असेल तर सांगा, बघायला येतो. जांभ्या चिऱ्याचं काम येणारा गवंडी पण सुचवा, आणि आईचे गुडघे दुखतात, तर जोतं किती उंच घ्यावं?