मदत हवी आहे: मुक्त साहित्य सर्वांसाठी सुगम करायला शिक्षकांना कसं शिकवावं?

नमस्कार. मुक्त शैक्षणिक साहित्यावर (म्हणजे कुणालाही मोफत वापरता येईल अशा साहित्यावर) शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतेय. साहित्य इतरांनी कसं वापरायचं ते सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने त्यांना पटकन समजतात. परवान्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्हज) असेल तर बदललेली प्रत इतरांना देता येत नाही, हेही कळतं. गाडी अडते ती पुढे. अक्षरं नुसती ठळक केली की शीर्षक झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. वर्डसारख्या प्रोग्राममधली हेडिंग स्टाइल लावलेली नसेल तर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या मुलाला हव्या त्या भागावर थेट जाताच येत नाही. आणि चित्राचा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसणाऱ्यांसाठी लिहायचं वर्णन? 'आकृती १' लिहून मोकळे! एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, म्हणून प्रत्येकाला स्वतःचाच धडा स्क्रीन बंद ठेवून ऐकायला लावावा, असं मनात आहे. कुणी असं प्रशिक्षण दिलंय का? आलेखांचं वर्णन लिहायचा सराव कसा घेतलात? गणिताच्या सूत्रांचं काय केलंत? कृपया सविस्तर सांगा.